तीन पायांची सावली

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे आणि मला एका दगडाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो. आपली गोष्ट सांगताना म्हातारी माणसं चांगलं तेवढं सांगतात आणि बाकीचं गिळून टाकतात. मला ते जमणार नाही. समोर जसं आहे तसं काचेवर उमटवणं, एवढं एकच काम मी आयुष्यभर केलं.

मुंबईतल्या एका सुताराने विलायती कॅमेरा समोर ठेवून मला सागवानाचा घडवला. माझ्या कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या मारल्या आणि मधे काळ्या चामड्याचा भाता बसवला. तो बाजाच्या पेटीसारखा उघडतो आणि मिटतो. भिंग तेवढं परदेशातून आलं. माझ्या पाठीला एक दुधी काच होती. तिच्यावर समोरचं जग उलटं दिसायचं. माडांची मुळं वर, शेंडे खाली. मला अक्षरं फार उशिरा कळली, कारण दुकानांच्या पाट्यासुद्धा मी उलट्याच पाहिल्या.

तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काच एका चपट्या लाकडी खोक्यात घालून माझ्या पाठीत सरकवायची. त्या खोक्याला स्लाइड म्हणत. एका स्लाइडमध्ये दोन काचा असत, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. एक फोटो काढला की स्लाइड उलटी करायची आणि दुसरा काढायचा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मला विकत घेतलं डहाणूच्या दौलतशेठनी. चिकूची वाडी, भाताची जमीन, आणि फोटोचा नाद. ते मला मऊ मलमलीने पुसायचे. गावोगावच्या नवऱ्या, नवरदेव, पहिल्यांदा टोपी घातलेली मुलं, सगळी माझ्यासमोर उभी राहिली. फोटो पाहून लोक म्हणायचे, "काय सुंदर दिसते मुलगी!" नाहीतर म्हणायचे, "शेठचा हात चांगला आहे." माझं नाव कोणी घेतलं नाही. मला वाईट वाटायचं, पण ते फार दिवस टिकत नसे. माणसं म्हातारी होतात, फोटो पिवळे पडतात. त्यांचा हेवा किती दिवस करणार?

मग तो दगड आला.

तलासरी तालुक्यात झरीच्या पलीकडे एक पाडा आहे आणि पाड्यामागे टेकडी आहे. टेकडीवर दीड पुरुष उंचीचा एक दगड उभा आहे, पूर्वेला तोंड करून. त्याच्यावर एक बैल कोरलेला आहे. बैलाखाली हात धरून उभी असलेली माणसं आहेत आणि पायथ्याशी वाटीएवढे खळगे. ते कोणी कोरलं आणि कधी, हे पाड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. एका जाणकाराने दौलतशेठना सांगितलं होतं, की माणसाने लिहायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीचं हे काम असणार. पाड्यातले लोक दरवर्षी नव्या भाताच्या लोंब्या आधी त्या दगडाला ठेवतात, मग घरात नेतात. मी एवढी वर्षं घरात राहिलो, मला कोणी एक लोंबी दाखवली नाही.

सन १९४६, मार्गशीर्ष महिना. दौलतशेठ मला बैलगाडीत घालून निघाले. ओहोळ ओलांडताना गाडी कलली आणि मी ज्या तीन पायांच्या तिवईवर उभा राहतो, तिचा एक पाय मोडला. फोटो दगडाचा आणि पाय माझा! पाड्यातल्या तुक्याने खैराची एक फांदी तोडून मला नवा पाय करून दिला. फांदी गुडघ्यासारखी वाकडी होती. तुक्या म्हणाला, "शेठ, दिसाय वाकडा हाय, पन तुमच्यापरीस जास्ती टिकंल." त्याचं बोलणं खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मला दगडासमोर उभं केलं. सूर्य माझ्या पाठीमागे नुकता वर आला होता. दौलतशेठनी काळा कपडा डोक्यावर घेतला आणि पहिली काच उघडून मिटली. माणसं फोटोच्या वेळी हलायची, मुलं तर हमखास. दगड हलला नाही. शेठना असं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं. ते कपड्याबाहेर आले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरेरे, सावली आली! काच वाया गेली."

सूर्य पाठीशी असल्यामुळे माझी सावली लांब पडली होती, थेट दगडाच्या पायथ्यापर्यंत. दोन सरळ पाय, एक वाकडा, वर माझी पेटी आणि तिच्यामागे कपड्यात शिरलेले शेठ. शिवाय ऊन समोरून सपाट पडल्यामुळे कोरलेल्या रेघा फिक्या दिसत होत्या.

शेठनी तुक्याच्या बायकोला बोलावलं. तिचं नाव सुकी. लग्नाच्या घरी भिंतीवर चौक काढायला लोक तिला लांबून न्यायला येत. शेठ म्हणाले, "बाय, तांदळाचं पीठ कालव आणि या रेघांत भर. पांढऱ्या झाल्या म्हणजे फोटोत उठून दिसतील."

सुकीने बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं आणि कामाला बसली. तिने बैल भरला, माणसं भरली. तोवर सूर्य वर चढला आणि माझी सावली आखडून माझ्याच पायांशी आली. शेठ माझी स्लाइड उलटी करण्यात गुंतले होते. फोटो काढून झाला, मग त्यांनी मान वर करून दगड नीट पाहिला. बैलाच्या वर एका बाजूला सूर्य होता आणि एका बाजूला चंद्र. दोन्ही पांढरेशुभ्र.

"सुके, हे कुठून आलं? हे तर दगडावर नाही!"

"नाय ना? म्हनून त काडलं. चांद-सूर्य नाय तं देव बघंल कसा? अर्धा चौक कोन ठेवतं?"

"अगं, मी तुला फक्त भरायला सांगितलं होतं."

"मंग भरलंच ना शेठ. जिथं रिकामं व्हतं तिथं भरलं."

तुक्या हसला, शेठही हसले. "राहू दे. शोभून दिसतंय," म्हणाले. पीठ पुढच्या पावसात धुऊन गेलं. काचेवर मात्र ते राहिलं.

तो दुसरा फोटो फार गाजला. मोठा करून, चौकटीत घालून वाडीवरच्या घरात दिवाणखान्यात लावला. येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थांबायचा आणि दगडाचं कौतुक करायचा, चंद्र-सूर्याचं तर फारच. चौकट रोज पुसली जायची. पहिली काच शेठनी औषधात धुतली खरी, पण तिचा फोटो कधी छापला नाही. काळ्या कागदात गुंडाळून ती स्लाइडमध्ये परत घातली, कागदावर दोन शब्द लिहिले आणि स्लाइड माझ्या पाठीत सरकवली. मी हजारो लोकांचे फोटो काढले. माझा फोटो एवढा एकच आहे, तोही सावलीचा. आणि त्याच्यावर शेठच्या हातचं लिहिलेलं होतं, "सावली. वाया."

मित्रांनो, हेवा तिथे सुरू झाला.

पुढे गुंडाळीच्या फिल्मचे कॅमेरे आले. दौलतशेठ गेले. मला माळ्यावर चढवलं, चिकूच्या रिकाम्या खोक्यांमागे. माझ्या भात्यात पालीने अंडी घातली. खाली चौकटीतल्या दगडाला रोज फडकं लागत होतं आणि वर माझ्यावर बोटभर धूळ साचत होती. शेठचा नातू पीयूष मोठा झाला, त्याच्या हातात मोबाइल आला. तो जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो. ताटाचे! आणि ते पाहून लोक त्याला अंगठे दाखवतात. त्या मोबाइलचाही मला राग येतो, पण तो चार वर्षांत मोडीत जातो. दगड जात नाही.

निदान मला तसं वाटत होतं. गेल्या वर्षी कळलं, की दगडही जाऊ शकतो.

पाड्यामागची टेकडी खडीसाठी फोडायची, असा अर्ज एका खडीवाल्याने केला. अच्छाडच्या बाजूला हमरस्त्याची कामं चालली होती आणि खडीला मागणी होती. पाड्यातली संगीता ग्रामपंचायतीची सदस्य आहे. ती सुकीची नात. तिने उलट अर्ज केला, की टेकडीवर फार पुराणा कोरलेला दगड आहे, तो सरकारने राखीव करावा. खडीवाल्याने उत्तर दिलं, की ते कोरीवकाम पुराणं नाहीच. खाण अडवण्यासाठी पाड्यातल्या लोकांनीच हल्ली छिन्नीने कोरलं आहे.

संगीता पीयूषकडे आली. मी माळ्यावरून सगळं ऐकत होतो.

"शेठ, तुमच्या आजोबांनी आमच्या दगडाचा फोटो काढलेला. आजी सांगायची. तो आहे का?"

"आहे म्हणजे काय, हा काय समोर! पण नेऊ नको हां. आईला कळलं तर माझा फोटो लावेल तिथे, हार घालून."

संगीताने चौकटीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता टेकडी वाचली. मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, पुन्हा तोच. पुन्हा सगळे दगडाकडेच बघणार.

पण झालं भलतंच. तपासणीसाठी हर्षदा मॅडम नावाच्या अधिकारी आल्या. त्या टेकडीवर जाऊन आल्या आणि मग फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"संगीताताई, फोटोत चंद्र-सूर्य आहेत. तुमच्या दगडावर नाहीत. दगड वरून फुटलेलाही नाही. समोरचे लोक म्हणतील, हा फोटो दुसऱ्याच दगडाचा आहे."

"मॅडम, ते माझ्या आजीने काढलेले. पिठाने. तिला अर्धा चौक बघवायचा नाही."

"माझा विश्वास बसतो. पण आजीने सांगितलं एवढं लिहून भागणार नाही. वीस दिवसांनी निर्णय द्यायचा आहे. तोवर काही मिळतं का बघा."

मित्रांनो, काय पाहिजे ते माझ्या पोटात होतं. चंद्र-सूर्य नसलेला, पीठ न भरलेला तोच दगड. आणि मी गप्प होतो. मला बोलता येत नाही हे खरं आहे, पण त्या दिवशी बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. माझ्या मनात आलं, फुटू दे टेकडी. दगड गेला की त्याची आठवण फक्त माझ्या काचेवर राहील. मग लोकांना माझ्याकडेच यावं लागेल. असं माझ्या मनात आलं, आणि ते मी लपवणार नाही.

संगीता आणि पीयूषने कपाट उपसलं. फोटोची मूळ काच एका पाकिटात सापडली. पाकिटावर दौलतशेठनी लिहिलं होतं, "झरी, मार्गशीर्ष १९४६. ३ ब." पीयूष म्हणाला, "हे ब कसलं? आजोबांना काहीही लिहायची सवय होती."

संगीता त्या अक्षरावर बोट ठेवून उभी राहिली. "शेठ, आमचं अर्धं आयुष्य तलाठ्याच्या दारात गेलं. सातबाऱ्यावर तीन ब असला ना, तर तीन अ कोणाच्या तरी नावावर असतोच. आपोआप ब होत नाही. तीन अ कुठे आहे?"

"आता सगळं कपाट तर झालं. माळ्यावर फक्त तो जुना डबा राहिलाय."

डबा म्हणजे मी.

मला खाली उतरवलं. पाठीतली स्लाइड त्यांना दिसली, पण ती निघेना. पीयूषने पाय लावून ओढली. दमट हवेत लाकूड फुगतं असं लोक म्हणतात. फुगतंही. पण त्या दिवशी मी जोर लावून धरलं होतं, हे लाकडालाच ठाऊक.

"पकड घेऊन येतो," पीयूष म्हणाला.

"नको शेठ, काच असेल आत. भाताच्या कणगीचं दार पावसाळ्यात असंच बसतं. त्याला ऊन दाखवायचं."

तिने मला उचलून वाडीत आणलं आणि चिकूच्या झाडाबाहेर उन्हात ठेवलं. कोंबड्या येऊन चोच मारतील म्हणून शेजारी बसून राहिली. पदराने माझं पितळ पुसलं, भात्यातली पालीच्या अंड्यांची टरफलं एकेक करून काढली. माझ्या वाकड्या पायावर हात फिरवला तेव्हा मात्र ती थांबली.

"शेठ, हा पाय खैराचा आहे. आजोबा असाच तासायचे. आमच्या घरी खाटेला असाच पाय आहे." मग ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "काय रे म्हाताऱ्या, माझी आजी आहे का तुझ्यात?"

मला आजवर लोक म्हणाले होते, पकड, ठेव, उघड, सरकव. प्रश्न कोणी विचारला नव्हता. ऊन पाठीत शिरत होतं. कितीतरी वर्षांनी मला कोणीतरी उन्हात ठेवलं होतं आणि राखण करत बसलं होतं, जशी पाड्यातले लोक त्या दगडाची करतात तशी. दुपारी तिने स्लाइडला दोन बोटं लावली आणि ती सरकत बाहेर आली. मी सोडली, असं म्हणा.

स्लाइडच्या एका बाजूला ३ अ आणि दुसऱ्या बाजूला ३ ब लिहिलेलं होतं. संगीताने काळा कागद उलगडला. काच आकाशाकडे धरून ती बघत राहिली. बैल होता, माणसं होती, खळगे होते. वर चंद्र-सूर्य नव्हते. आणि पायथ्याशी मी होतो.

हर्षदा मॅडमनी काच तपासली आणि म्हणाल्या, "काच जुनी आहे, यात शंका नाही. आता एकच राहिलं. फोटोतला दगड हाच, हे दाखवायचं. योगायोग बघा, मार्गशीर्षच चालू आहे. हा कॅमेरा त्याच जागी उभा करू आणि सावली कुठे पडते ते पाहू."

म्हणून मी पुन्हा त्या टेकडीवर गेलो, या वेळी जीपमधून. सकाळी सारा पाडा जमला होता. खडीवाल्याचा मुकादमही आला होता, हाताची घडी घालून.

"मॅडम, सरकार आता सावलीवर चालणार का?"

"तुम्ही म्हणाला होतात, फोटो दुसऱ्या दगडाचा. तेच बघतोय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी त्या काचेवरून छापलेला फोटो हातात धरला आणि मला थोडं डावीकडे, थोडं मागे घेतलं. संगीताने माझा वाकडा पाय रोवला. सूर्य वर आला. माझी लांब सावली आधी दगडावर चढली, मग आखडत आखडत त्याच्या पायथ्याशी उतरली. दोन सरळ पाय, एक वाकडा. वाकड्या पायाचा गुडघा सर्वात मोठ्या खळग्यात पडला. फोटोतही तो त्याच खळग्यात होता. त्याच्या शेजारची चीर तीच, बैलाच्या शिंगावरचा टवका तोच.

मुकादम म्हणाला, "सूर्यालापन तुम्हीच कामाला लावला काय, संगीताबाय?"

"तो रोजच येतो. तुमच्यासारखा मस्टर भरायला नाही," संगीता म्हणाली, आणि अख्खा पाडा हसला.

मॅडमनी वहीत लिहून वाचून दाखवलं. फोटोतला दगड हाच. फोटो १९४६ सालचा. कोरीवकाम तेव्हाही होतं. चंद्र-सूर्य नंतर पिठाने काढलेले. संगीताने डोळे पुसले आणि दगडाला नाही, आधी मला हात लावला. हे मी स्वतः पाहिलं. उलटं दिसलं असेल, पण पाहिलं.

टेकडीला खाणीची परवानगी मिळाली नाही. दगड राखीव झाला. त्याच्याभोवती कुंपण आलं आणि फलक आला. फलकावर माझीच काच छापली आहे, तीन अ. छापणारा म्हणाला होता, "खालची सावली कापून टाकतो, चित्र साफ दिसेल." संगीता त्याला म्हणाली, "भाऊ, साक्षीदाराला कापतोस होय? राहू दे ती."

आता मी ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो. माझा हेवा गेला आहे असं समजू नका. लोंब्या अजूनही दगडालाच ठेवतात. शाळेच्या सहली दगडालाच येतात आणि पोरं मोबाइल उलटेसुलटे करून त्याच्याबरोबर हसतात. ते ऐकलं की माझा भाता अजून आखडतो.

तरी तुम्हाला दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांची किंमत मला ठाऊक आहे. जुन्या दगडावरच्या कोरीव रेघा फोटोत नीट याव्यात म्हणून त्यांत खडू, रंग, पीठ काही भरू नका. दौलतशेठ भले माणूस होते, पण त्यांच्या त्या वाटीभर पिठाने टेकडी जवळजवळ घालवली होती. आणि घरात माळ्यावर कोणी म्हातारा पडला असेल, तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा उन्हात ठेवा. ओढाताण करू नका. शेजारी बसा आणि विचारा, तुझ्यात काय आहे. आमच्यासारखे पोटात बरंच धरून बसलेले असतात, आणि सगळंच काही चांगल्या मनाने धरलेलं नसतं.

परवा एक लहान मुलगी फलकासमोर उभी होती. तिने दगडाकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि खालच्या सावलीवर बोट ठेवून संगीताला विचारलं, "आत्या, हा तीन पायांचा कोण?"

संगीताने तिला पंचायतीत आणलं, कपाट उघडलं आणि म्हणाली, "हा. ज्याच्यामुळे तो आहे."

मित्रांनो, दगड त्या वेळी लांब टेकडीवर होता. त्याला हे ऐकू गेलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.